खापरखुटीची माळ

२ जुलै १९६१, रविवार

ही डायरी ह्यांना डोणगावच्या सोसायटीतून मिळाली. पहिल्या पानावर 'पंजाबराव' असं झोकात नाव टाकलं आणि पुढे सहा महिने एक ओळ लिहिली नाही. आज मी मागून घेतली. म्हणाले, "घे बापा, वाणसामान लिहाले कामी येईन." वाणसामान लिहायला मी सातवी पास झाले नाही.

आज रविवार, म्हणजे आमच्या घरी जत्रा. उजाडायच्या आत निंबाखाली पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काविळीचं औषध देतात. त्यांना त्यांच्या सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. औषध लेकीला द्यायचं नाही, सुनेलाच द्यायचं, आणि तेही एकाच सुनेला. पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, पैसा घ्यायचा नाही, कुणी सुपारी पुढं केली तरी हात मागं घ्यायचा. आणि गुण असा की वरवट बकालपासून लोक येतात. वरवट माझं माहेर. लग्नाआधी मी ह्या घराचं नाव ऐकलं ते ह्या औषधापायीच.

रीत अशी. रोगी ओट्यापुढं बसतो. आत्याबाई विचारतात, "कोणाचं लेकरू?" मिशीवाला गडी असला तरी हेच विचारतात. सोबतचा माणूस सांगतो, अमक्याचं. मग आत्याबाई म्हणतात, "माह्यं नव्हे. ज्याचं त्याले राहो." तेव्हा कुठं मुळांच्या तुकड्यांची माळ त्याच्या डोक्यावर ठेवतात आणि ताकात उगाळलेलं मूळ पाजतात. तेल, तिखट, हळद बंद. फुटाणे, ताक, ऊस चालू. माळ डोक्यावरून हळूहळू खाली उतरत गळ्यात येते, तशी कावीळ उतरते म्हणतात. माझ्या मते मुळं सुकली की दोरा सैल पडतो. पण माझं मत विचारतो कोण?

आत्याबाईंची नजर आता फार कमी झाली आहे. आज दोनदा माळ रोग्याच्या डोक्याऐवजी कानावर ठेवली. म्हणजे औषध आता खाली उतरणार. दोन सुना आहोत. आशाबाई थोरल्या, माझ्या जाऊबाई. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. दुसरी मी. आता ह्यात विचार करण्यासारखं काय आहे?

९ जुलै

आज माझा अपमान झाला. लिहून ठेवते.

बांधावर खापरखुटी चांगली पसरली होती. पाऊस झाल्याबरोबर जुन्या मुळाला नवे फुटवे येतात, म्हणून आमचे गुरुजी तिला पुनर्नवा म्हणायचे. लालसर देठ, पान खालून पांढरट, मोहरीएवढं गुलाबी फूल, सकाळी उघडतं आणि उन्हं वर आली की मिटतं. आमच्या वरवटला पावसाळाभर मूगडाळ घालून हिची भाजी होते. माझ्या थोरल्याच्या, भगवंताच्या वेळी पोटुशी असताना माझे पाय सुजून खांब झाले होते, तेव्हा माझ्या आईनं मला हीच भाजी खाऊ घालून सूज उतरवली. पाला वाटून, गरम करून मुक्या मारावर बांधतात. मूळ मधात उगाळून डोळ्यांत घालतात. लघवी साफ होते, अंग हलकं होतं. इतकी गुणाची भाजी.

ओटीभर खुडून आणली, निवडली, फोडणीला टाकली. आत्याबाई वासानंच उठून आल्या. "काय शिजवून राह्यली?" मी सांगितलं. त्यांनी पातेलं उचललं आणि गोठ्याच्या उकिरड्यावर पालथं केलं. डाळीसकट!

"ही भाजी ह्या चुलीवर चढत नाही."

"काऊन पण, आत्याबाई?"

"चढत नाही म्हंजे चढत नाही."

जाऊबाई भाकरी थापत होत्या. एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. नक्की हसल्या असतील. वरवटचे लोक बांधावरचा पाला खातात, असंच ना? खातो आम्ही.

२३ जुलै

भगवंता आज अंगणात आपटला. गुडघा फुटला. मी तान्ह्या चिमीला पाजत ओसरीवर, त्याच्यापासून दोन हातांवर. पोरगं माझ्या समोरून रडत गेलं ते थेट मागच्या अंगणात, जाऊबाईंकडं. "मोठमाय! मोठमाय!"

सहा वर्षांचा झाला. मी त्याला 'आई' म्हणायला शिकवलं, कारण आमच्या घरात सगळेच 'माय' म्हणतात आणि मला काहीतरी वेगळं हवं होतं. झालं काय, की मी आई, आणि माय म्हणजे मोठमाय.

खरं आहे, त्याच्या जन्मानंतर मला मुदतीचा ताप आला आणि जाऊबाईंनीच त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. मी विसरले नाही. पण त्यालाही आता सहा वर्षं झाली. उपकार किती दिवस फेडायचे, काही सीमा आहे की नाही? झोपतो त्यांच्याजवळ. जेवतो त्यांच्या ताटात. चिमी झाल्यापासून तर माझ्याकडं पाहुण्यासारखा येतो.

जाऊबाईंना मूल नाही. मोठे भाऊजी, किसनराव, कधी एका शब्दानं बोलले नाहीत त्यावरून. गावातल्या बाया बोलतात. मला वाईट वाटतं त्यांचं. पण वाईट वाटतं म्हणून मी माझं पोरगं द्यायचं का?

१३ ऑगस्ट, श्रावणातला पहिला रविवार

दिलं. त्यांना दिलं.

काल सूर्य बुडायच्या बेताला आत्याबाई म्हणाल्या, "आशा, ताट घे." हळदकुंकू, अक्षता, तांब्याभर पाणी. दोघी मळ्याकडं निघाल्या. मी दारात उभी. मला वाटलं, मलाही म्हणतील. म्हणाल्या, "तू चूल पाह्य."

आज पहाटे पुन्हा दोघी गेल्या आणि टोपलीवर फडकं झाकून आल्या. आज ओट्यावर आत्याबाई मागं बसल्या आणि जाऊबाई पुढं. कधी दाराबाहेर न बोलणारी बाई खणखणीत विचारते, "कोणाचं लेकरू?" आणि पाटलाच्या घरचा म्हातारा हात जोडून सांगतो, "माय, माह्या बापाचं नाव दौलत." सगळे हसले. जाऊबाईसुद्धा हसल्या. मी त्यांना अशा हसताना कधी पाहिलं नव्हतं. चांगल्या दिसत होत्या, आणि तेही मला सोसलं नाही.

जाताना बाया त्यांच्या पाया पडल्या. त्यात एक माझ्या माहेरची होती. मला म्हणाली, "तू धाकटी ना वं?" हो. मी धाकटी.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा झाला. भगवंताला पेढा मिळाला. अर्धा खाल्ला, अर्धा मुठीत धरून आणला. मी हात पुढं केला तर म्हणतो, "हा मोठमायचा हाय."

ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमच्या आईनं मला का दिलं नाही ते विचारा. हे म्हणाले, "मायच्या मनात काय हाय ते मायले ठावं. अन तुले काऊन पायजे थे? रविवारी पाह्यटी उठा लागते, तू तर सात वाजता उठतं." ह्यांना सगळ्याची थट्टा सुचते. मी उपाशी झोपले. हे जेवून झोपले.

२७ ऑगस्ट, रविवार

आता मला माहीत आहे!

काल संध्याकाळी शेण्या आणायच्या निमित्तानं मळ्याच्या वाटेला लागले आणि तुरीत बसले. जाऊबाई एकट्याच आल्या. बांधापाशी वाकल्या, सावली झाडावर पडू नये म्हणून फिरून उभ्या राहिल्या. पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. हात जोडून अगदी लग्नाचं आवतन द्यावं तसं म्हणाल्या, "उद्या पाह्यटी येतो न्याले. लेकराइचं काम हाय. राग नको धरू."

त्या गेल्यावर मी जाऊन पाहिलं. अक्षता कशावर होत्या? खापरखुटीवर!

मी तिथंच बसून हसले. सात पिढ्यांचं गुपित, आणि आमची आई त्याची मूगडाळ घालून भाजी करते. म्हणून पातेलं पालथं केलं होतं होय! पहाटे पुन्हा लपून पाहिलं. लोखंड लावत नाहीत, लाकडी खुंटीनं माती उकरतात. गुलाबी फुलाचीच घेतात, शेजारी पांढऱ्या फुलाची होती तिला हात लावला नाही. पोसलेलं मूळ तेवढं घेतलं, बारकी मुळं परत मातीत लोटली आणि वर पाणी घातलं.

एवढंच आहे का सगळं? एवढ्यासाठी मला चुलीपाशी ठेवलं?

७ सप्टेंबर

माझा भाऊ गुलाबराव बैल पाहायला डोणगावला आला होता, तसाच इकडं आला. डोळे हळदीसारखे. अन्नावर वासना नाही. म्हणाला, "आज गुरुवार. रविवारपर्यंत थांबा लागते का? घरी पोळ्याची तयारी पडली हाय."

मी म्हटलं, थांबू नको.

घरात कुणी नव्हतं. बांधावर जाऊन खुरप्यानंच उपटली. आवतन नाही, अक्षता नाही. तुकडे केले, ओवले, गोठ्यात नेऊन त्याच्या डोक्यावर माळ ठेवली, ताकात उगाळून पाजलं. 'कोणाचं लेकरू' विचारायला हसू आलं. माझ्याच बापाचं, दुसऱ्या कुणाचं? ते सगळं सोडून दिलं. म्हटलं, कुणाला सांगू नको, माळ टोपीखाली ठेव.

अजून झोप येत नाही. भीतीनं नाही, आनंदानं.

१ ऑक्टोबर, रविवार

बाजारात वरवटचा माणूस भेटला. गुलाबराव खडखडीत बरा! कामाला लागला. जेवण दुप्पट.

आज ओसरीवर बसून मी रांग पाहत होते. जाऊबाई प्रत्येकाला विचारत होत्या, "कोणाचं लेकरू?", आणि "माह्यं नव्हे, ज्याचं त्याले राहो." मनात म्हटलं, म्हणा, म्हणा. न म्हणतासुद्धा गुण येतो, हे फक्त मला माहीत आहे. दिवसभर इतकी खुशीत होते की जाऊबाईंच्या केसांना तेल लावून दिलं. त्या बिचकल्याच.

५ ऑक्टोबर

भगवंताचे डोळे पिवळे आहेत.

सकाळी जाऊबाईंनी पाहिलं. माझ्या आधी त्यांनी पाहिलं. त्याला उजेडात धरून आणलं आणि काही न बोलता माझ्यापुढं उभं केलं. कालपासून त्याला अन्न नको वाटत होतं, मी समजले की सीताफळं खाल्ली असतील.

हे म्हणाले, रविवारी वहिनी देतील. मी रविवारची वाट कशाला पाहू? माझ्या हाताला गुण आहे. त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी मूळ आणलं, पाजलं, माळ सदऱ्याच्या आत घातली. आई मीच आहे त्याची, बरा मीच करीन. मग पाहू पेढा कुणाला आणतो ते.

७ ऑक्टोबर

दोन दिवस पाजते आहे. उलट्या वाढल्या. लघवी गडद. डोळे मिटून पडून राहतो. मी हाक मारली तर हुं म्हणतो. जाऊबाईंनी हाक मारली तर डोळे उघडतो.

गुलाबरावला तिसऱ्या दिवशी भूक लागली होती असं तो माणूस म्हणाला होता.

८ ऑक्टोबर, रविवार

हा दिवस मी विसरणार नाही. माणूस इतका कठोर असतो?

माझी माळ काढून चुलीत टाकली आणि पोराला कडेवर घेऊन रांगेत बसले. घरचीच बाई रांगेत बसलेली पाहून लोकांनी पुढं जागा करून दिली. जाऊबाईंसमोर आले. माळ त्यांच्या हातात तयार होती. भगवंतानं डोळे उघडले आणि हात पुढं केले, घे म्हणून.

जाऊबाईंनी विचारलं, "कोणाचं लेकरू?" आवाज अर्धाच आला.

मी चढ्या आवाजात सांगितलं, "माह्यं."

पुढचं त्यांनी म्हणायचं होतं. ओठ हलले. शब्द आला नाही. मग माळ ताटात ठेवली, उठल्या. "मी ह्याले देऊ शकत नाही," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

एवढ्या लोकांसमोर! परक्या गावच्या माणसांना देतात आणि घरच्या पोराला नाही. मी लपून मूळ आणलं हे कळलं असेल आणि सूड उगवताहेत. किंवा माझ्या पदरात दोन आहेत हे डोळ्यांत सलतं. मी ओट्यावरूनच ओरडले, "वांझेचं काळीज आहे ते!"

मी तो शब्द म्हणायला नको होता. पण म्हटला.

९ ऑक्टोबर

दुपारी आत्याबाईंनी मला बोलावलं. बाजेवर बसल्या होत्या. माझा हात हातात घेतला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"तू कोणाले दिलं होतं?"

मी सांगितलं. गुलाबरावचं, मग भगवंताचं. मला वाटलं मारतील.

"पोरी, देणारीच्या लेकराले तिच्या हाताचा गुण येत नाही. कवाच येत नाही. म्हणून इचारा लागते, कोणाचं लेकरू. म्हणून म्हना लागते, माह्यं नव्हे. अन थे खरं असा लागते. नुसतं तोंडानं म्हटलं त चालत नाही."

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं?

"ज्याले द्याचं त्यालेच सांगाचं असते." मग म्हणाल्या, "मले माह्या सासूनं दिलं तवा कला पोटात होती. मले सांगतलं होतं तिनं हे. म्या हाव म्हटलं. मले वाटलं, लोकं पाया पडतीन."

कलाचं नाव मी ह्या घरात एकदाच ऐकलं होतं, शेजारच्या जनकाबाईंच्या तोंडून. आत्याबाईंची थोरली लेक, लहानपणी गेली. कशानं, ते मी विचारलं नव्हतं.

"रविवार होता. ओट्यावर लोकं होते. म्या सगळ्याइले दिलं, कलालेबी. लोकं बरे झाले, थे वाचली नाही."

मग माझ्याकडं वळल्या. त्यांना मी नीट दिसत नसेन. "तुले दोन लेकरं हायेत. थे वाचले पायजेत म्हणून तुले दिलं नाही. आशाच्या पदरी कोणी नाही म्हणून तिले दिलं. तिले मान भेटन, अन कोणाचं वाईट होणार नाही, असं वाटलं मले. माह्ये डोळे गेले, कोकिळा. तिच्या पदरी हाय, हे मले दिसलंच नाही."

सहा वर्षं मी हेच म्हणत होते की जाऊबाई त्याला आपला समजतात. आता तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली आणि उठून भगवंताजवळ जाऊन बसले.

१० ऑक्टोबर

ह्यांनी त्याला मोटारीनं मेहकरच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत. डॉक्टर म्हणाले, साखरपाणी द्या, निजवून ठेवा, बहुतेक पोरं आपोआप बरी होतात. 'बहुतेक' म्हणजे काय? मी विचारलं. ते पुढच्या रोग्याकडं वळले.

घरी आल्यावर जाऊबाईंच्या पाया पडले. म्हटलं, चुकले, तुम्ही द्या. त्यांनी मला उठवलं. "रविवारपर्यंत येळ दे मले," एवढंच म्हणाल्या.

वेळ कशाला हवा? मूळ तर बांधावर आहे.

१३ ऑक्टोबर

जाऊबाई काय करताहेत मला समजत नाही. मंगळवारपासून त्याच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. त्याची वाकळ, त्याचा लाकडी बैल, त्याची वाटी, सगळं त्यांच्या खोलीतून उचलून माझ्या खोलीत आणून ठेवलं. तो हाक मारतो तर त्या विहिरीवर जातात. कालपासून जेवत नाहीत. मोठ्या भाऊजींनी ताट पुढं केलं तर सरकवलं. मी म्हटलं, निदान दारातून तरी पाहा त्याच्याकडं. म्हणाल्या, "थो कोणाचा हाय?" आणि कडबा उचलून गोठ्यात गेल्या.

जरा राग आला मला. इतकं तोडायला माणसाला जमतं कसं?

१५ ऑक्टोबर, रविवार

रांगेत सगळ्यांच्या शेवटी बसले. भगवंता माझ्या खांद्यावर मान टाकून होता.

जाऊबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. माळेकडं पाहत विचारलं, "कोणाचं लेकरू?"

मी म्हटलं, "माह्यं. कोकिळाचं."

"माह्यं नव्हे," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "ज्याचं त्याले राहो."

माळ ठेवली. ताक पाजलं. भगवंतानं त्यांचा पदर धरला. त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, परक्या पोराची सोडवतात तशी, आणि पथ्य सांगितलं. मलाच, घरच्या बाईला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेल नको, तिखट नको, हळद नको.

सहा वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं.

१९ ऑक्टोबर, दसरा

आज भाकर मागितली! ताकात कुस्करून अर्धी खाल्ली. लघवी निवळली. हे म्हणतात औषधाचा गुण, मी म्हणते औषधाचा गुण, डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

सोनं द्यायला भगवंता उठून सगळ्यांकडं गेला. जाऊबाईंपुढं आपट्याचं पान धरलं. त्यांनी घेतलं आणि म्हणाल्या, "जा, तुह्या आईजवळ जा." आई म्हणाल्या. माय नाही म्हणाल्या.

२९ ऑक्टोबर

डोळे पांढरे झाले. माळ नाल्याच्या वाहत्या पाण्यात सोडली. आता तो माझ्याजवळ झोपतो, माझ्या ताटात जेवतो. शाळेतून आला की माझ्याकडंच येतो, कारण दुसरीकडं दार लोटलेलं असतं.

जाऊबाईंना म्हटलं, आता बरा झाला, आता काय हरकत आहे? त्या म्हणाल्या, "उद्या त्याले पुन्हा झालं तर? म्हटलेलं पाळा लागते."

म्हणजे जन्मभर?

काल त्यांची खोली झाडायला गेले होते. भिंतीच्या कोनाड्यात एक वाळलेलं आपट्याचं पान आणि अर्धा पेढा. पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या. मी तसाच राहू दिला.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी तीन दिवसांवर. चकल्यांची भाजणी दळायची आहे, पण आधी हे लिहिते.

आज रांग संपल्यावर मी भगवंताचा हात धरून ओट्यापुढं जाऊन बसले. जाऊबाई ताट आवरत होत्या. खाली मान होती, त्यांना आधी त्याचे पायच दिसले. ताट हातातून निसटलं.

"काय झालं ह्याले? डोळे दाखव! डोळे दाखव रे!"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "इचारा."

"काय इचारू?"

"सगळ्याइले इचारता थेच."

त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. मग माझ्याकडं. अगदी हळू विचारलं, "कोणाचं लेकरू?"

मी म्हटलं, "तुमचं."

बाजेवरून आत्याबाई ओरडल्या, "अवं, बोलू नको असं! उद्या त्याले काही झालं तर ना तुह्या हाताचा गुण येईन ना तिच्या!"

मी म्हटलं, "तर मेहकरले नेऊ, आत्याबाई. तिथला डॉक्टर ह्याचा कोणीच लागत नाही."

हे दारात उभे होते, ते आधी हसले. मग जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि त्या हसताहेत की रडताहेत हे कळायच्या आत भगवंता त्यांच्या मांडीवर चढला होता. मागं वळून माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी चिमीला घेऊन चुलीपाशी आले. मला जळलं. अजून जळतं आहे, खोटं कशाला लिहू? मागच्या अंगणातून त्या दोघांचं हसणं इथं ऐकू येतं आहे. जळू दे. ह्यांना सांगून मेहकरच्या दवाखान्याचे वार तेवढे विचारून ठेवले पाहिजेत.